घर पठारावर ठेवा, घाट रेल्वेनं उतरा : निवृत्त मंडळींसाठी मेक्सिकोची आरव्ही-रेल्वे सफर

"आपली आरव्ही त्या रेल्वेवर चढवता येते ना?" सांगलीहून भावोजींनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला. आरव्ही म्हणजे स्वयंपाकघर आणि झोपायची सोय असलेलं चाकांवरचं घर. कुठल्याशा जुन्या फोटोत त्यांनी सपाट वाघिणींची लांबलचक गाडी पाहिली होती. प्रत्येक वाघिणीवर साखळ्यांनी बांधलेली एकेक आरव्ही, आणि खिडकीशी दरी बघत बसलेली अमेरिकन आजी-आजोबा मंडळी. कोलाडला ट्रक वाघिणीवर चढतात, तसंच. कोकण रेल्वे ही रो-रो सेवा १९९९ पासून चालवते आणि २०२५ च्या गणपतीत तिनं मोटारीही नेल्या. मग मेक्सिकोत का नाही?

फोटो खोटा नव्हता. कॉपर कॅन्यन या मेक्सिकोतल्या खोल दऱ्यांच्या मुलखातून आरव्हींचे तांडेच्या तांडे खरोखर असे जात. पण १९९० च्या दशकात मेक्सिकोच्या सरकारी रेल्वेचं खासगीकरण झालं आणि नंतर काही वर्षांत ती सोय बंद पडली. जुने प्रवासलेख वाचून बेत आखणाऱ्यांनी ही गोष्ट आधी डोक्यातून काढून टाकावी. आता आरव्ही आणि रेल्वे यांची सांगड आपली आपणच घालायची असते. घर पठारावर एखाद्या भरवशाच्या जागी लावायचं, दोन छोट्या बॅगा घ्यायच्या आणि घाट रेल्वेनं उतरायचा. आम्ही टेक्सासमधून दोनदा गेलो. पहिल्या खेपेला हे न ऐकता बत्तीस फुटी घर थेट डोंगरात नेलं, त्याची शिक्षा काय झाली ते पुढे येईलच. दुसऱ्या खेपेला ताई आणि भावोजी बरोबर होते, आणि तीच सहल खरी सुखाची झाली.

आधी नकाशा

रेल्वेचं नाव 'चिवावा अल पासिफिको', लाडानं 'चेपे'. चिवावा शहरापासून प्रशांत महासागराजवळच्या लोस मोचिसपर्यंत साडेसहाशे किलोमीटरहून थोडी जास्त लांबी, ३७ पूल आणि ८६ बोगदे. पॅसिफिकच्या बंदरापर्यंत रूळ न्यायचं स्वप्न अमेरिकन मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच पाहिलं होतं. डोंगर, पैसा आणि मेक्सिकोची क्रांती आडवी येत गेली आणि सगळा मार्ग पुरा व्हायला १९६१ चा नोव्हेंबर उजाडला. कोकण रेल्वेला लागलेला उशीर आठवून भावोजी म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच."

गाडी सुमारे २,४०० मीटर उंचीवरून समुद्रसपाटीला येते. चिवावा, क्वाउतेमोक आणि क्रील ही गावं वरच्या पठारावर आहेत. क्रीलच्या पुढे दिविसादेरो, बावीचीवो, तेमोरिस, मग खाली एल फुएर्ते आणि लोस मोचिस. वरची बाजू चिवावा राज्यात आणि खालची सिनालोआत. हा फरक रस्त्यापेक्षा सुरक्षिततेसाठी महत्त्वाचा आहे, म्हणून त्याबद्दल आधी बोलू.

जावं की नाही

गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या सूचनांमध्ये चिवावा राज्य 'जाण्याचा पुनर्विचार करा' या पायरीवर आणि सिनालोआ 'जाऊ नका' या सर्वांत वरच्या पायरीवर राहिलेलं आहे. २०२४ च्या सप्टेंबरपासून सिनालोआतल्या टोळ्यांचं आपसातलं युद्ध पेटलं, त्याचा मुख्य जोर कुलियाकान शहराभोवती होता. डोंगरातही सगळं आलबेल नाही. बावीचीवोजवळच्या सेरोकाहुई गावात जून २०२२ मध्ये दोन वृद्ध जेसुइट धर्मगुरूंची चर्चमध्येच हत्या झाली.

तरीही रोज माणसं या गाडीनं जातात-येतात, कारण ती तिथल्या लोकांची गाडी आहे. माझं मत असं: स्वतःचं वाहन घेऊन सिनालोआत शिरू नये आणि डोंगरातल्या आडवाटांवर तर अजिबातच नाही. चिवावाच्या बाजूनं यावं, मुख्य रस्ता सोडू नये, उरलेलं रेल्वेवर सोपवावं. निघण्याच्या आठवड्यात सूचना पुन्हा वाचाव्यात. मुक्कामाच्या जागी फोन करून "रस्ता कसा आहे?" असं सरळ विचारावं. तिथले लोक खरं सांगतात, कारण त्यांनाही तुम्ही धडधाकट पोहोचायला हवे असता.

मन मानत नसेल तर आरव्ही टेक्सासातच ठेवून विमानानं चिवावाला जा आणि फक्त रेल्वेचा भाग करा. त्यात कमीपणा काही नाही.

माणसांचे कागद

अमेरिकी पासपोर्ट असेल तर मेक्सिकोचा व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांकडे अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर त्यांनाही पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना ही सहल जमते ती यामुळेच. मात्र त्यांचा अमेरिकी व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा हवा आणि परतण्याच्या तारखेपर्यंत जिवंत हवा.

इथे एक गैरसमज हमखास आढळतो. "चार दिवस मेक्सिकोला जाऊन आलं की अमेरिकेत पुन्हा सहा महिने मिळतात" असं पार्कातल्या बाकावर कोणीतरी सांगतंच. तसं धरून चालू नका. तीस दिवसांच्या आतली मेक्सिकोवारी साधारणपणे आधीच्याच मुक्कामात मोजली जाते आणि आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेतल्या मुक्कामाची मुदत दाखवणाऱ्या नोंदीवरची, जुनी तारीखच चालू राहते. आय-९४ ची छापील प्रत बरोबर ठेवा.

सीमेवर पर्यटक परवाना, म्हणजे 'एफएमएम', घ्यावा लागतो. तो जास्तीत जास्त १८० दिवसांचा असतो, पण अधिकारी त्याहून कमी दिवसही लिहू शकतो. म्हणून खिडकीवरच आकडा वाचा. रस्त्यानं येणाऱ्यांना सात दिवसांपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे आहे. आणि कोणी तुम्हाला थांबवेल याची वाट बघू नका. पूल ओलांडल्यावर इमिग्रेशनचं ऑफिस बाजूला असतं आणि न थांबता सरळ पुढे निघून जाणं सहज शक्य असतं. शिक्का न घेता आत गेलात तर ते पुढच्या तपासणीत कळतं, आणि तिथून मागे फिरणं फार महागात पडतं.

गाडीचे कागद

सीमेलगतचा पट्टा सोडून आत जायचं म्हणजे वाहनाचा तात्पुरता आयात परवाना लागतो. तो 'बानहेर्सितो' नावाची लष्कराची बँक देते, सीमेवर तिच्या खिडक्या असतात. आरव्हीला एक मोठी सवलत आहे: परवाना दहा वर्षांचा, आणि अनामत रक्कम नाही. मागे ओढून नेलेल्या छोट्या मोटारीला मात्र साधा परवाना लागतो आणि अनामतही. २००७ किंवा नंतरचं मॉडेल असेल तर ४०० डॉलर, २००१ ते २००६ ला ३००, त्याआधीच्याला २००. मुदतीत परत येऊन परवाना रद्द केला की पैसे परत मिळतात. मुदत चुकली की बुडाले.

एका माणसाच्या नावावर एकच वाहन, हा नियम आहे. म्हणून आरव्ही नवऱ्याच्या नावावर आणि मोटार माझ्या. दोघांनाही खिडकीवर हजर राहावं लागतं, एकानं आरव्हीत डुलकी काढून चालत नाही. मूळ नोंदणीपत्र, मालकीचा कागद, पासपोर्ट, गाडी चालवण्याचा परवाना आणि या सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स न्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं परवानगीपत्र लागतं. भाड्याची आरव्ही असेल तर कंपनीची लेखी परवानगी लागते आणि बहुतेक कंपन्या ती देत नाहीत. तेव्हा हा लेख स्वतःची आरव्ही असलेल्यांसाठीच आहे असं समजा.

विमा: अमेरिकेतला तुमचा वाहनविमा मेक्सिकोत कागदाचा तुकडा आहे. मेक्सिकन कंपनीची पॉलिसी, निदान दुसऱ्याच्या नुकसानीची, घ्यावीच लागते. अपघातात कोणाची चूक हे ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवू शकतात. अशा वेळी पॉलिसीवरचा अ‍ॅडजस्टरचा, म्हणजे विमा कंपनीच्या अपघात बघायला येणाऱ्या माणसाचा, फोन नंबर हाच तुमचा तारणहार. तो कागदावर छापून पुढच्या काचेजवळ ठेवा, नुसता मोबाइलमध्ये नको. पॉलिसीत ओढलेल्या मोटारीचा वेगळा उल्लेख आहे ना, तेही बघा. आमच्या पहिल्या पॉलिसीत नव्हता आणि हे आम्हाला परत आल्यावर कळलं. देवाची कृपा, दुसरं काय.

सीमेचा दिवस

सीमेवरच्या हुआरेस या मोठ्या शहराची गर्दी टाळायची म्हणून आम्ही टेक्सासमधल्या प्रेसिडिओहून पलीकडे ओहिनागाला जातो. लहान पूल, कमी रांग आणि पुढे चिवावापर्यंत सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता. आदल्या रात्री अमेरिकेच्या बाजूलाच मुक्काम करा आणि सकाळी ऑफिस उघडताना हजर राहा. क्रम असा: आधी इमिग्रेशन, मग बानहेर्सितो, मग कस्टम्स. कस्टम्सला सिग्नलसारखा दिवा असतो. हिरवा लागला तर चला, लाल लागला तर तपासणी. तो नशिबाचा खेळ आहे, तुमच्या चेहऱ्याशी त्याचा संबंध नाही.

बंदुकीची एक गोळीसुद्धा गाडीत नको. टेक्सासमध्ये वापरलेली गाडी घेतली असेल तर सगळे कप्पे रिकामे करून बघा, आधीच्या मालकाची एखादी गोळी सीटखाली घरंगळलेली असू शकते. मेक्सिकोत त्याची शिक्षा तुरुंग आहे. ई-सिगारेटही नको.

आणि एक खास आपल्या लोकांसाठी. वाटेत लष्कराची नाकी लागतात, पोरसवदा शिपाई आत येऊन कपाटं उघडतात. आमच्या ताईनं तांदळाचं पीठ, मेतकूट आणि ईनो अशा तीन पांढऱ्या-पिवळ्या पुड्या साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, रबरबँड लावून आणल्या होत्या. पुढचा अर्धा तास कसा गेला याची कल्पना करा. पिठं आणि मसाले दुकानाच्या छापील, बंद पाकिटांतच ठेवा. शेवटी ताईनं त्या शिपायाला मेतकूट हुंगायला दिलं. त्याला शिंक आली आणि आम्ही सुटलो.

रस्त्यावर

पहिला नियम: अंधार पडायच्या आत मुक्कामाला. रात्री रस्त्यावर गुरं बसलेली असतात आणि बिनदिव्याच्या गाड्या चालतात. दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर पुष्कळ झाले. दुपारी तीनला थांबायची सवय लावली की नवऱ्याचा स्वभावसुद्धा सुधारतो, असा माझा अनुभव आहे.

टोलचा रस्ता 'कुओता', फुकटचा 'लिब्रे'. मोठ्या आरव्हीनं कुओताच घ्यावा. टोल आसांवर असतो, मोटार ओढत असाल तर जास्त पडतो. पावती जपून ठेवा, त्यात त्या टप्प्यापुरतं विम्याचं संरक्षण असतं. 'तोपे' म्हणजे स्पीडब्रेकर. आपल्याकडच्या अनुभवानं आपण यात तयार आहोत असं वाटतं, पण मेक्सिकोतले तोपे गावाच्या वेशीवर, झाडाच्या सावलीत, रंग उडालेल्या अवस्थेत दबा धरून बसलेले असतात. बत्तीस फुटी घर त्यावरून वेगात गेलं की मागच्या फडताळातला एकही कप वाचत नाही.

डाव्या सिग्नलबद्दल सावध राहा. पुढच्या ट्रकनं डावा दिवा लावला तर 'रस्ता मोकळा आहे, ओव्हरटेक कर' असा त्याचा अर्थ असू शकतो, किंवा तो खरोखरच डावीकडे वळणार असतो. खात्री नसेल तर मागेच राहा. तुम्हाला स्वतःला हायवेवर डावीकडे वळायचं असेल तर उजव्या कडेला थांबा, दोन्हीकडचं बघा आणि मग ओलांडा.

पेट्रोल तिथला माणूसच भरतो. मीटर शून्यावर आहे का ते उतरून बघायचं, "सेरोस, पोर फावोर" म्हणायचं आणि चार नाणी बक्षिसी द्यायची. हिरवा पंप साध्या पेट्रोलचा, लाल उंची पेट्रोलचा. गाडी बंद पडली तर ०७८ वर फोन करा: 'आंखेलेस वेर्देस', हिरवे देवदूत, ही सरकारच्या पर्यटन खात्याची हायवेवरची मदत आहे आणि त्यांची मजुरी फुकट असते, फक्त सुट्या भागांचे आणि इंधनाचे पैसे द्यायचे. जिवावरचं संकट असेल तर ९११.

घर कुठे ठेवायचं

चिवावाहून क्वाउतेमोक शंभरेक किलोमीटर, तिथून क्रील आणखी दीडशे. क्रीलपर्यंत डांबरी रस्ता आहे, आरव्ही जाते, आणि म्हणूनच आम्ही पहिल्यांदा ती नेली. डिसेंबर होता. क्रील २,३०० मीटरच्या वर आहे. रात्री पारा शून्याखाली गेला, पाण्याचा नळ गोठून फुटला आणि सकाळी सहाला स्वयंपाकघरात बर्फाचं तळं होतं. तिथल्या कॅम्पच्या विजेवर आमचा हीटरही नीट चालत नव्हता. दोन दिवस प्लंबिंगमध्ये गेले. दरी बघायची राहिली, नवऱ्याच्या पाठीवर टॉर्च मारत बसले.

म्हणून आता माझी शिफारस ही. वीस-बावीस फुटांची छोटी व्हॅन असेल आणि हवा चांगली असेल तर क्रीलला न्या. त्याहून मोठी असेल तर क्वाउतेमोकच्या उत्तरेला मेनोनाइट लोकांच्या वस्तीत ठेवा. हे जर्मन बोली बोलणारे शेतकरी १९२२ मध्ये कॅनडाहून इथे आले. आज मैलोन्मैल त्यांच्या सफरचंदाच्या बागा, मक्याची शेतं आणि यंत्रांची दुकानं आहेत. आरव्हीचं काही बिघडलं तर वेल्डिंगपासून बेअरिंगपर्यंत सगळं या पट्ट्यात होतं. त्यांचं पिवळसर चीज घ्यायला विसरू नका.

ठेवण्याची जागा ठरवताना हे बघा: कुंपण आणि रात्री माणूस आहे का, मालक तिथेच राहतो का, दिवसाचे किती पैसे ते लिहून देतात का. विजेला जोडण्याआधी व्होल्टेज मोजा आणि मध्ये सर्ज प्रोटेक्टर लावा. घर सोडताना गॅसचा मुख्य कॉक बंद करा, पाण्याची टाकी रिकामी करा, फ्रिज उघडा ठेवून पुसून घ्या आणि परवान्याच्या मूळ प्रती बरोबर न्या. ओढलेली मोटार असेल तर तिनं क्रीलला जा. नसेल तर बस आहे, आणि सगळ्या स्टेशनांवर थांबणारी 'चेपे रेखिओनाल' क्वाउतेमोकलाही थांबते.

रेल्वे

गाड्या दोन. 'चेपे एक्स्प्रेस' २०१८ मध्ये सुरू झाली. ती क्रील ते लोस मोचिस एवढीच, सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावते. तिच्यात मोठ्या काचा, उपाहारगृह, आरामाच्या खुर्च्या, आणि भाडंही त्याच मापाचं. 'रेखिओनाल' चिवावापासून टोकापर्यंत जाते, स्वस्त आहे, आणि तिच्यात गावकरी, पोरंबाळं, खोकी सगळं असतं. पुऱ्या मार्गाला पंधरा-सोळा तास धरा. दोन्ही गाड्या रोज नसतात. वारही बदलत असतात. म्हणून आधी रेल्वेचं वेळापत्रक बघून तिकीट काढा आणि मग बाकीचा प्रवास त्याभोवती बसवा. बहुतेक लोक उलटं करतात आणि क्रीलला तीन दिवस थंडीत गाडीची वाट बघतात. मध्ये कुठे उतरून राहायचं तेही तिकीट काढतानाच सांगा.

वेळेची एक गंमत आहे. सिनालोआचं घड्याळ चिवावाच्या एक तास मागे. तिकिटावरची वेळ कुठल्या घड्याळाची, हे परतीच्या स्टेशनवर विचारून घ्या.

कोणत्या बाजूला बसायचं यावर निवृत्त जोडप्यांत भांडणं होतात. गाडी इतकी वळते की दोन्ही खिडक्यांना पाळी मिळते, तेव्हा भांडू नका. मात्र एक गोष्ट कोणी सांगत नाही: प्रचंड दरी गाडीतून दिसतच नाही. रूळ कड्याजवळ येतात ते दिविसादेरोला, आणि तिथे उतरून चार पावलं चालावं लागतं. गाडीतून दिसतो तो घाट, आणि तो उत्तम भाग बावीचीवोच्या पुढे सुरू होतो. तेमोरिसला रूळ एकाच दरीत तीन थरांवर आहेत. वरून बघितलं तर खालचे दोन थर दिसतात आणि ते आपलेच पुढचे रूळ आहेत यावर विश्वास बसत नाही. उंची उतरण्यासाठी एका बोगद्यात गाडी डोंगराच्या पोटातच पूर्ण अर्धं वळण घेते. अंधारात शिरताना दरी डावीकडे असते आणि बाहेर पडल्यावर उजवीकडे. कसारा आणि बोरघाट पाहिलेल्या भावोजींनी इथे पहिल्यांदा खिडकीतून डोकं काढून "वा!" म्हटलं. पुढे चीनिपास नदीवरचा उंच पूल, मग सगळ्यांत लांब बोगदा, सुमारे १.८ किलोमीटरचा, आणि मग एल फुएर्तेजवळ जवळपास अर्धा किलोमीटर लांबीचा पूल. तोवर हवा उष्ण होते, पाइन संपून निवडुंग लागलेले असतात.

वेळ आणि गुडघे दोन्ही मर्यादित असतील तर असा बेत करा: क्रीलहून गाडी, दिविसादेरोला दोन रात्री, मग गाडीनं एल फुएर्ते, तिथे दोन रात्री आणि त्याच मार्गानं परत. एल फुएर्ते हे १५६४ मध्ये वसलेलं जुनं गाव आहे, चौक आणि नदीकाठ एवढ्यात फिरावं, संध्याकाळी हॉटेलातच राहावं. सिनालोआत पाऊलच नको असं ठरवलं असेल तर बावीचीवोपर्यंत जाऊन परता, पण मग तेमोरिस हुकेल. मी हुकू देणार नाही. निर्णय तुमचा.

फलाट बुटके आणि डब्याच्या पायऱ्या उंच असतात. चाकांची मोठी बॅग इथे शत्रू. खांद्याला लागेल अशी एकेक पिशवी, त्यात औषधं, स्वेटर आणि एक सुती जोड. एकाच दिवसात दोन्ही लागतात.

दिविसादेरो आणि क्रील

दिविसादेरोला न राहणाऱ्यांसाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं थांबते. तेवढ्यात दरी बघायची की खायचं, असा पेच पडतो, कारण फलाटाशेजारीच तेलाच्या पिंपांच्या चुलींवर बायका निळ्या मक्याच्या गोर्दिता भाजत असतात. जाड भाकरी फोडून आत बटाटा, चीज, मिरची भरायची. म्हणून तर दोन रात्री राहा म्हणते. कड्यावरून तीन दऱ्या एकत्र येताना दिसतात. त्यातली उरिके १,८०० मीटरहून खोल आहे. जवळच्या उद्यानात दरीवरून पावणेतीन किलोमीटरच्या घरातला रोपवे आहे, ज्यांना चढउतार झेपत नाही त्यांनी त्यावर खुशाल पैसे घालावेत.

हा मुलूख ररामुरी लोकांचा. डोंगरात शेकडो किलोमीटर पळण्याबद्दल जगभर त्यांचं नाव आहे, तेही टायरच्या चपलांवर. बायका पाइनच्या काड्यांच्या टोपल्या विकतात. घासाघीस करू नका. टोपलीला जितका वेळ लागतो त्यापुढे सांगितलेली किंमत काहीच नसते. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, नकार आला तर कॅमेरा खाली. "क्विरा" म्हणजे नमस्कार. ही मंडळी मितभाषी आहेत, आपल्यासारखं "कुठून आलात, मुलं किती" सुरू करू नका.

पोटाचं

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारावं लागतं. घेवड्याची उसळ दिसते ती 'फ्रिखोलेस', तिच्यात डुकराची चरबी असू शकते. भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. "सिन मान्तेका, सिन कार्ने, सिन काल्दो दे पोयो" हे वाक्य पाठ करून ठेवा. मक्याच्या तोर्तिया, चीज, अंडी, बटाटा, आणि 'नोपाल' म्हणजे चक्क फड्या निवडुंगाची भाजी. थोडी भेंडीसारखी चिकट आणि आंबटसर लागते. 'हमायका' नावाचं लाल सरबत हे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं. 'पिनोले' हे भाजलेल्या मक्याचं पीठ, पाण्यात कालवून पितात, सातूच्या पिठाच्या भावकीतलं. भावोजींनी त्यात गूळ घातला आणि रोजच्या न्याहारीचा प्रश्न मिटवला.

नळाचं पाणी पिऊ नका. वीस लिटरचा 'गाराफोन' सगळीकडे भरून मिळतो. क्रीलला एटीएमवर विसंबू नका, पेसो क्वाउतेमोकलाच काढा आणि सुटी नाणी जमवा. स्टेशनवरच्या शौचालयालासुद्धा ती लागतात.

औषधं आणि तब्येत

अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मेक्सिकोत चालत नाही. इस्पितळातून विमानानं हलवण्याचा खर्च धरणारा प्रवासविमा घ्या. पाहुण्यांचा अमेरिकेपुरता काढलेला विमा मेक्सिकोत लागू आहे का, तेही विचारा. औषधं मूळ डब्यात, चिठ्ठीसकट ठेवा. सर्दीच्या गोळ्यांत सूडोएफेड्रिन असेल तर त्या घरीच ठेवा, मेक्सिकोत त्यावर बंदी आहे. क्रीलच्या उंचीवर पहिल्या दिवशी दम लागतो आणि डोकं जड होतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि तिथला पहिला दिवस बाजारात चालण्यापलीकडे काही करू नका. दरीत मोबाइलला रेंज नसते. मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन दिवसांत ती भारतीय वकिलातीला फोन करतील.

ऋतूचं म्हणाल तर पाऊस जुलै ते सप्टेंबर असतो, म्हणून ऑक्टोबर सर्वांत छान: डोंगर हिरवे, ओढे वाहते, थंडी सोसवेल अशी. दुसरी पसंती मार्चला. डिसेंबर-जानेवारीत जायचंच असेल तर माझा फुटलेला नळ आठवा.

परतताना

ओहिनागाला अमेरिकेच्या पुलावर चढण्याआधी मेक्सिकोच्या बाजूला दोन ठिकाणी स्वतःहून थांबायचं आहे. इमिग्रेशनला पर्यटक परवाना परत द्यायचा, आणि बानहेर्सितोत मोटारीचा परवाना रद्द करून काचेवरचा स्टिकर त्यांच्यासमोर काढायचा. पावतीचा लगेच फोटो काढा. नुसतं निघून गेलात तर ४०० डॉलर गेलेच, शिवाय पुढच्या वेळी परवाना मिळायला अडचण. आरव्हीचा दहा वर्षांचा परवाना पुन्हा यायचं असेल तर तसाच ठेवता येतो. आरव्ही विकणार असाल तर मात्र आधी तोही रद्द करा.

अमेरिकेच्या बाजूला शेतमाल तपासणारे कस्टम्सचे लोक फ्रिज उघडून बघतात. ताजी फळं, डुकराचं मांस, रोपं, बिया यांतलं जे काही असेल ते सांगून टाका. सांगितलं तर फक्त फेकायला लावतात, लपवलं तर दंड. कढीपत्ताही चालत नाही, मग तो तुम्ही टेक्सासातूनच का नेला असेना. पुलाच्या अलीकडे शेवटच्या पंपावर आम्ही गॅस पेटवला आणि ताईनं उरलेला सगळा कढीपत्ता चार माणसांच्या पोह्यांत घातला. हिरवे पोहे होते ते.